ऑनलाइन टायमर कसाला लागतो तो शेवटच्या सेकंदाला

ब्राउझरमध्ये टॅब उघडायचा, दोन किंवा पाच मिनिटांचा आकडा निवडायचा, 'सुरू करा' हे बटण दाबायचे आणि कामाला लागायचे; ऑनलाइन टायमरचा सगळा वापर एवढ्या एका वाक्यात मावतो. नोंदणी लागत नाही, काही डाउनलोड करावे लागत नाही आणि शिकण्यासारखे तर त्यात काहीच नसते. शोधयंत्रात 'पाच मिनिटांचा टायमर' असे टाकताच अशी पाने डझनावारी समोर येतात आणि उघडल्यावर ती जवळपास सारखीच दिसतात: मध्यभागी मोठे आकडे, खाली सुरू करण्याचे आणि थांबवण्याचे बटण, कडेला जाहिराती. त्यांच्यातला फरक कळतो तो वेळ संपताना. घंटी वेळेवर वाजली का, वाजली तर ऐकू आली का, आणि ती बंद करायला किती धडपड करावी लागली, या तीन प्रश्नांवरच असे पान ठेवावे की सोडावे हे ठरते. गेले काही महिने रोजच्या लहानसहान कामांसाठी अशी बरीच पाने वापरून पाहिली, ती याच निकषावर. त्यामुळे हे परीक्षण कोणा एका संकेतस्थळाचे नसून या प्रकारच्या साधनाचे आहे. आणि तसे करणेच योग्य आहे, कारण यातले बहुतेक गुणदोष त्या त्या पानाचे कमी आणि ज्या ब्राउझरमध्ये ते चालते त्याचे अधिक असतात.

आधी उपयोगाचे बोलू. माणूस संगणकासमोर आधीच बसलेला आहे आणि त्याला थोडाच वेळ, पण नेमका वेळ, मोजून हवा आहे, अशा कामांसाठी हे साधन फार सोयीचे ठरते. रक्तदाब घरी मोजण्याचे उदाहरण घ्या. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता शांत बसायचे असते आणि दोन मोजण्यांमध्ये निदान एक मिनिट जाऊ द्यायचे असते. ही पाच मिनिटे अंदाजाने बसले की हमखास कमी भरतात, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पुनःपुन्हा पाहत बसले तर शांत बसण्याचा हेतूच बाजूला राहतो. समोरच्या पडद्यावर पाच मिनिटांचा टायमर लावून डोळे मिटून घेतले की दोन्ही अडचणी मिटतात. डोळ्यांत दोन वेगवेगळी औषधे घालायची असतील तेव्हाही असेच आहे: पहिला थेंब टाकल्यावर निदान पाच मिनिटे थांबायला सांगितलेले असते, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो, आणि त्या वेळी डोळ्यांनी घड्याळ पाहण्यापेक्षा कानांनी घंटी ऐकणे केव्हाही सोपे.

याउलट काही कामे अशी आहेत की ती वेळेशी बांधलेली असूनही या साधनाच्या वाट्याची नाहीत. हात साबणाने निदान वीस सेकंद चोळावेत, दात दोन मिनिटे घासावेत, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण ओल्या हातांनी कोणी लॅपटॉपला हात लावणार नाही आणि न्हाणीघरात तो नेणारही नाही. शेगडीवर काही ठेवून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्यानेही ब्राउझरच्या टॅबवर विसंबून राहू नये. का, ते पुढे येईलच.

पडद्यासमोर तासन्‌तास बसणाऱ्यांना डोळ्यांचे डॉक्टर एक साधा नियम सांगतात: दर वीस मिनिटांनी, निदान वीस फुटांवरच्या, म्हणजे साधारण सहा मीटर अंतरावरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. ऑनलाइन टायमरची खरी कसोटी मला या नियमात दिसली, कारण येथे एकाच साधनाकडून दोन अगदी वेगळ्या अपेक्षा असतात. वीस मिनिटांचा टायमर दुसऱ्या कामाच्या मागे झाकलेला राहणार, आणि तरीही तो वेळेवर वाजला पाहिजे. वीस सेकंदांचा टायमर समोर असणार, पण नजर खिडकीबाहेर असल्यामुळे त्याचे आकडे दिसणार नाहीत. दोन्ही वेळा भिस्त आवाजावरच आहे. आकडे कितीही सुबक असोत, रंगीत वर्तुळ कितीही डौलाने आकसत जावो, येथे त्याचा काडीचा उपयोग नाही. देखण्या पानांबद्दल माझे मत तेव्हापासून थोडे कठोर झाले आहे.

आता घंटी वेळेवर वाजण्याबद्दल. एक मिनिट म्हणजे साठ सेकंद, त्यात संगणकाकडून काय चूक होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ही पाने वेळ मोजतात कशी हे पाहिले की शंका येऊ लागते. एक पद्धत अशी की ब्राउझरला 'दर सेकंदाला मला हाक मार' असे सांगून ठेवायचे आणि प्रत्येक हाकेला आकड्यातून एक वजा करायचा. दुसरी पद्धत अशी की बटण दाबताच संपण्याची वेळ नोंदवून ठेवायची आणि प्रत्येक हाकेला घड्याळ पाहून किती उरले ते नव्याने काढायचे. पान समोर असते तोवर दोन्ही पद्धती सारख्याच भासतात. पण ब्राउझरची हाक अगदी ठोक्यावर येईल याची हमी कधीच नसते. संगणक दुसऱ्या कामात गुंतलेला असेल तर ती किंचित उशिरा येते आणि पहिल्या पद्धतीत तो उशीर साठत जातो. दुसऱ्या पद्धतीत तो साठत नाही, कारण तेथे हाकांची संख्या मोजलीच जात नाही.

खरी अडचण टॅब झाकला की सुरू होते. जी टॅब कोणी पाहत नाही तिच्यासाठी वीज आणि प्रोसेसर खर्च करण्यात अर्थ नाही, असे ब्राउझर बनवणाऱ्यांचे म्हणणे आहे आणि बॅटरीच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. म्हणून झाकलेल्या टॅबला सेकंदातून एकाहून अधिक हाका द्यायच्या नाहीत, अशी मर्यादा बराच काळ आहे. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या क्रोमच्या ८८व्या आवृत्तीने ती आणखी कडक केली: पान पाच मिनिटांहून अधिक काळ झाकलेले असेल आणि त्यातून काही आवाज येत नसेल, तर त्याच्या अशा एकामागून एक लागणाऱ्या हाका मिनिटातून एकदाच तपासल्या जाऊ लागल्या. याचा परिणाम टायमरवर काय होतो ते सहज लक्षात येईल. आकड्यातून एक एक वजा करणारे पान झाकल्यावर जवळजवळ थिजते. वीस मिनिटांनी परत येऊन पाहावे तर त्यावर अजून चौदा-पंधरा मिनिटे शिल्लक दिसतात. संपण्याची वेळ नोंदवणारे पान परत आल्यावर बरोबर आकडा दाखवते खरे, पण त्याची घंटीसुद्धा जवळजवळ मिनिटभर मागे पडू शकते. वीस मिनिटांच्या कामात एक मिनिट इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. सहा-सात मिनिटांच्या कामात त्याला उशीर म्हणावेच लागते.

चांगल्या पानांनी यावर तोड काढलेली आहे. काही पाने मोजणीचे काम मुख्य पानापासून वेगळ्या चालणाऱ्या भागाकडे सोपवतात आणि त्या भागाला ही मर्यादा त्याच प्रकारे लागू होत नाही. काही पानांवर टिकटिक चालू ठेवण्याची सोय असते. ही सोय मला पहिल्यांदा निव्वळ हौसेची वाटली होती. पण ज्या पानातून ऐकू येणारा आवाज चालू आहे त्याला ब्राउझर झाकलेले समजत नाही, त्यामुळे मंद टिकटिक चालू ठेवलेला टायमर मागे पडत नाही. ज्यांना टिकटिक सहन होत नाही त्यांनी टायमरची टॅब ओढून वेगळ्या लहान खिडकीत काढावी आणि पडद्याच्या कोपऱ्यात उघडी ठेवावी. पान दिसत राहिले की मर्यादेचा प्रश्नच उरत नाही.

लॅपटॉपचे झाकण मिटले तर मात्र कोणतीही युक्ती चालत नाही. संगणक झोपला की पानही झोपते. जागे झाल्यावर नीट लिहिलेले पान लगेच 'वेळ संपली' म्हणून वाजते, आणि ढिसाळ पान जेथे थांबले होते तेथून काही घडलेच नाही अशा थाटात पुढे मोजू लागते. फोनवरची स्थिती याहून वाईट आहे: ब्राउझर मागे टाकला किंवा फोन कुलूपबंद केला की पानाचे काम बहुधा थांबवलेच जाते आणि घंटी वाजत नाही. पडदा जागा ठेवण्याची विनंती पानाला करता यावी अशी सोय अलीकडे आलेली आहे. क्रोममध्ये ती २०२० पासून, सफारीत २०२३ मधल्या १६.४ या आवृत्तीपासून आणि फायरफॉक्समध्ये २०२४ पासून आहे. तरीसुद्धा फोनमध्ये घड्याळाचे स्वतःचे ॲप असताना, आणि ते कुलूपबंद पडद्यावरही खणखणीत वाजत असताना, तेथे ब्राउझरच्या टायमरचा अट्टहास करण्याचे कारण मला तरी सापडलेले नाही. शेगडीबद्दल वर जे म्हटले ते याचसाठी.

येथे एका बारीक गोष्टीकडे लक्ष वेधतो, जिच्यावरून पान लिहिणाऱ्याची काळजी ओळखता येते. पाच मिनिटे लावून बटण दाबताच काही पानांवर ५:०० जाऊन तत्क्षणी ४:५९ येते. शेवटी ०:०० हा आकडा पुरता एक सेकंद तसाच उभा राहतो आणि मग घंटी वाजते. दुसऱ्या काही पानांवर ५:०० हा आकडा पहिला सेकंदभर टिकतो, आणि शून्य दिसणे व घंटी वाजणे एकाच क्षणी घडते. एकूण वेळ दोन्हीकडे सारखीच असते. उरलेल्या सेकंदाचा अपूर्णांक खाली ओढायचा की वर, एवढाच हिशेबाचा फरक आहे. पण पाच मिनिटांत न जाणवणारा हा फरक वीस सेकंदांत, विशेषतः व्यायामात एखादी अवघड स्थिती धरून ठेवलेली असताना, चांगलाच जाणवतो. शून्य दिसूनही घंटी न वाजणारा तो एक सेकंद फार लांबतो. मी दुसऱ्या पद्धतीच्या बाजूचा आहे.

वेळेवर वाजलेली घंटी ऐकूही आली पाहिजे, आणि येथे तक्रारींची रांग लागते. पाने उघडताच आपोआप गाणी-जाहिराती वाजू लागण्याचा उपद्रव थांबवण्यासाठी २०१७-१८ पासून प्रमुख ब्राउझरनी असा दंडक घालायला सुरुवात केली की वापरणाऱ्याने पानावर कोठेतरी क्लिक केल्याशिवाय त्यातून आवाज निघू नये. दंडक स्तुत्य आहे. पण काही टायमरची पाने दुवा उघडताच आपोआप सुरू होतात. उदाहरणार्थ, पाच मिनिटांचा तयार दुवा बुकमार्क करून ठेवला तर तो उघडल्याबरोबर आकडे उतरू लागतात. पानावर एकदाही क्लिक झालेले नसल्यामुळे पाच मिनिटांनी घंटी वाजते ती केवळ पानाच्या समजुतीत; आपल्यापर्यंत काहीच पोचत नाही. समंजस पाने अशा वेळी 'आवाज चालू करण्यासाठी येथे दाबा' अशी पट्टी दाखवतात. बाकीच्यांच्या बाबतीत आपणच पानावर रिकाम्या जागी एकदा क्लिक करून ठेवावे, म्हणजे काम भागते. 'आवाज तपासा' असे बटण ज्या पानावर दिसेल त्याच्या कर्त्याला मनोमन धन्यवाद द्यावेत, कारण त्या एका बटणाने क्लिकही होतो आणि स्पीकर चालू आहे की नाही हेही आधीच कळते.

स्पीकर चालू असणे ही वरवर पाहता साधी बाब आहे, पण बैठकीसाठी म्यूट केलेला संगणक, खणात पडून असलेल्या आणि तरीही संगणकाशी जोडलेल्याच राहिलेल्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये जाणारा आवाज, पूर्वी कधीतरी म्यूट केलेली टॅब, या तिन्हींमुळे घंटी हरवते आणि दोष टायमरच्या माथी येतो. यात त्याचा दोष नाहीच. मात्र फक्त आवाजावर अवलंबून न राहता वेळ संपल्यावर पानाचा सगळा रंग बदलणे आणि टॅबच्या नावात 'वेळ संपली' असे दिसणे, एवढे तरी त्याच्या हाती असते. टॅबच्या नावात उरलेली मिनिटे-सेकंद दाखवणे ही तर या साधनाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. दुसऱ्या टॅबमध्ये लिहीत असताना नुसती नजर वर केली की ३:१२ दिसते आणि पान बदलावे लागत नाही. पुष्कळ टॅब उघड्या असल्या की नावे आक्रसून आकडे कापले जातात, तेव्हा टायमरची टॅब पहिली ठेवून उपयोग नसतो, कारण आक्रसतात सगळ्याच; वेगळी लहान खिडकी तेथेही उपयोगी पडते.

घंटी कशी असावी याबद्दल पानांमध्ये अजिबात एकमत नाही. एकच 'टिंग' वाजवून गप्प होणारे पान खोलीत असलेल्यालाही चुकते. आगीच्या बंबासारखा भोंगा वाजवणारे पान शेजारच्या टेबलावरच्यालाही दचकवते. दोन-तीन सौम्य ठोके, थोडी विश्रांती, पुन्हा ठोके, आणि बंद करेपर्यंत हेच, असा क्रम मला सर्वांत योग्य वाटला. बंद करण्यासाठी स्पेसबार चालावा, ही अपेक्षा अगदी माफक आहे. ती पुरी न होण्याचे एक कारण मोठे चमत्कारिक आहे: पानावरच्या जाहिरातीवर चुकून क्लिक झालेला असला की कीबोर्डचा ताबा त्या जाहिरातीच्या चौकटीकडे गेलेला असतो, मग स्पेसबार कितीही दाबला तरी टायमरला ते कळतच नाही. घंटी वाजत राहते आणि माणूस बटण शोधत राहतो.

जाहिरातींचा विषय निघालाच आहे तर तो उरकून टाकू. फुकट मिळणाऱ्या पानावर जाहिराती असणार हे मान्य करायला हरकत नाही. पण एका पानाने, ज्याचे नाव घेण्यात स्वारस्य नाही, आकड्यांच्या खालोखाल स्वतःहून चालू होणारी चित्रफीत ठेवलेली होती. टायमर सुरू करण्यासाठी केलेला माझा क्लिक म्हणजेच आवाजाला परवानगी, असे धरून ती बोलू लागली आणि शेवटची घंटी तिच्या बडबडीत विरून गेली. शांततेसाठी लावलेल्या पाच मिनिटांत पडद्याने स्वतःच बोलावे, याला काय म्हणावे? असे पान त्याच वेळी बंद करावे. टायमरला तुमचे ठिकाण कळण्याची गरज नाही, ईमेलची नाही आणि लॉगिनची तर मुळीच नाही. आपण पान एकदा उघडले की नंतर त्याला इंटरनेटही लागू नये. पान उघडून, वायफाय बंद करून एका मिनिटाचा टायमर लावून पाहिला की ते खरेच स्वतःच्या पायावर उभे आहे का हे कळते. साध्या, नीट लिहिलेल्या पानांवर मोजणी आणि घंटी दोन्ही व्यवस्थित चालल्या. काहींवर मोजणी झाली, पण घंटीची ध्वनिफीत ऐन वेळी आणण्याची योजना असल्यामुळे शेवट मुका झाला.

सूचना दाखवण्याची परवानगी मागणाऱ्या पानांबाबत माझे मत दोलायमान आहे. दुसऱ्या ॲपमध्ये काम करताना कोपऱ्यात 'वेळ संपली' अशी पट्टी येणे उपयोगाचे आहे, हे खरे. पण एकदा दिलेली परवानगी पुढे भलत्याच जाहिराती पाठवण्यासाठी वापरली जाण्याचा धोका असतो, आणि संगणक 'व्यत्यय नको' या स्थितीत असेल तर ती पट्टी दिसतही नाही. विश्वासाचे, बराच काळ वापरलेले पान असेल तरच होकार द्यावा. पान उघडताक्षणी, बटण दाबण्याच्याही आधी परवानगी मागणाऱ्याला सरळ नकार द्यावा.

दृष्टिहीन वापरणाऱ्यांच्या सोयीकडे मात्र फारच थोड्या पानांचे लक्ष दिसते. पडदावाचक सॉफ्टवेअरने दर सेकंदाला आकडा वाचायला घेतला तर दुसरे काही ऐकूच येणार नाही, म्हणून टायमर या घटकासाठीचे वेबवरचे संकेत असे आहेत की बदलते आकडे मुळात आपोआप वाचले जाऊ नयेत. ते योग्यच आहे. परंतु मग अर्धा वेळ झाल्यावर, एक मिनिट उरल्यावर आणि वेळ संपल्यावर पानाने शब्दांत सांगायला हवे, आणि तेवढे कष्ट बहुतेकांनी घेतलेले नाहीत. हिरव्याचा लाल होणे हीच एकमेव खूण ठेवणाऱ्या पानांचाही विचार याच ठिकाणी करायला हवा, कारण पुष्कळांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत.

पर्यायांशी तुलना करायची तर पहिला प्रतिस्पर्धी फोन आहे, आणि खात्रीच्या बाबतीत तो वरचढ आहे यात शंका नाही. एकाच वेळी अनेक टायमर लावण्याची सोयही आता तेथे आहे. आयफोनमध्ये ती २०२३ च्या आयओएस १७ पासून आली. पण फोन हातात घेणे हेच कित्येकदा मूळ दुखणे असते. पाच मिनिटांचा टायमर लावायला उचललेला फोन टायमर वाजेपर्यंत हातातच राहतो, कारण मध्ये तीन संदेश दिसलेले असतात. जे काम संगणकावरच चालले आहे त्याचा वेळ संगणकावरच मोजावा, याला माझ्या लेखी हे एवढे कारण पुरेसे आहे. चावीचा यांत्रिक टायमर टेबलावर ठेवायला सुंदर असतो, पण लहान वेळेसाठी तो कच्चा पडतो: अशा बऱ्याच टायमरना दोन-तीन मिनिटे लावायची तरी आधी दहाच्या पुढे फिरवून मग मागे आणावे लागते, नाहीतर आतली स्प्रिंग पुरेशी ताणली जात नाही, आणि पट्टीवरच्या खुणांमध्ये अर्ध्या मिनिटाचा फरक दिसतही नाही. वाळूचे घड्याळ या कामात अधिक प्रामाणिक होते, असे म्हणण्याचा मोह होतो. शिडाच्या जहाजांचा वेग मोजताना गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडून अठ्ठावीस सेकंदांचे वाळूचे घड्याळ उलटे करत, आणि तेवढ्या वेळात किती गाठी गेल्या यावर वेग ठरे. थोडा वेळ नेमका मोजण्याची गरज आजची नाही. त्या घड्याळाला घंटी नव्हती, म्हणून एका माणसाला त्याच्याकडे पाहत उभे राहावे लागे, हा भाग वेगळा.

कामाच्या टप्प्यांसाठी टायमर वापरणारे बहुतेक जण पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती या पद्धतीचे नाव घेतात. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातला टायमर घेऊन ती सुरू केली. पद्धत चांगली आहे, पण माझ्या अनुभवात ऑनलाइन टायमरचे बळ पंचवीस मिनिटांत नाही, त्यानंतरच्या पाचांत आहे. विश्रांती लांबत जाते ती कामापेक्षा अधिक सहजपणे, आणि तिला कुंपण घालणारे कोणी नसते. दहा मिनिटांत जेवढ्या ईमेलना उत्तरे देता येतील तेवढी द्यायची आणि घंटीसरशी उठायचे, भाषणाचा सराव करताना तीन मिनिटांची मर्यादा पाळायची, दोन मुलांनी संगणकावर पाळीपाळीने दहा दहा मिनिटे बसायचे, अशा ठिकाणी त्याचा गुण येतो. मुलांच्या बाबतीत तर विशेष, कारण मोठ्या माणसाने 'आता पुरे' म्हटले की वाद होतो आणि पडद्याने म्हटले की सहसा होत नाही.

उतरत्या आकड्यांचा काहींना ताण येतो, ही तक्रार मी ऐकलेली आहे आणि ती खोटी नाही. लिहिताना कोपऱ्यात सेकंद पळताना दिसले की नजर तिकडेच जाते. सेकंद लपवून नुसती मिनिटे दाखवण्याची किंवा आकडे पूर्ण झाकण्याची सोय मोजक्याच पानांवर आहे. नसेल तेथे खिडकी इतकी लहान करावी की फक्त रंग दिसेल.

एक शेवटची गोष्ट, जी बहुतेक पाने करत नाहीत आणि जिच्यामुळे मी सध्याच्या पानावर स्थिरावलो आहे. घंटी वाजली तेव्हा आपण खोलीत नव्हतो, किंवा वाक्य पुरे करण्याच्या नादात ती बंद करून तसेच लिहीत राहिलो, तर वेळ संपून किती वेळ झाला हे शून्यावर थांबलेला आकडा सांगू शकत नाही. हे पान शून्यानंतर उलट दिशेने मोजू लागते आणि टॅबच्या नावात उणे चिन्ह लावून तो आकडा दाखवते. डोळ्यांतल्या दुसऱ्या औषधाला दोन मिनिटे उशीर झालेला असो की विश्रांतीची पाचांची अकरा झालेली असोत, ते तेथे लिहिलेले असते, आणि ते वाचल्यावर उठायचे की बसायचे हे आपले आपण ठरवता येते.